अहो, थांबा की जरा

सोमवार, ४ मार्च

अगं,

पत्राच्या वर काय लिहायचं या विचारात माझा चहा निवला. पोरगी म्हणते 'प्रिय' लिहा. तुला प्रिय लिहिलं असतं तर तू पाकीट उलटंपालटं करून बघितलं असतंस, की हे नक्की कुणाचं आलं. म्हणून घरात मारतो तीच हाक लिहिली.

तिथे आलेलं पत्र तुमच्या त्या चष्मेवाल्या समुपदेशक बाई तुझ्यासमोर फोडतात, आत काही लपवून पाठवलंय का ते बघतात, असं तुला दाखल करतानाच मला सांगितलं होतं. (समुपदेशक हा शब्द पोरगीकडून लिहून घेतला.) तेव्हा बाई, नमस्कार. आत फक्त कागद आहे. झाडून झाला असेल तर पुढचं वाचू नये, घरगुती आहे.

घरी सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे, दूध उतू जातं, नळ गळतो, आणि पोरगी डबा आणते तेव्हा डब्याबरोबर मला चार बोलही आणते. माझ्या निळ्या शर्टाचं मधलं बटण गेलं, तिथे सेफ्टी पिन लावली. शेजारचा म्हणाला, "काय आजोबा, नवीन फॅशन?" मी म्हटलं, "बायको बहिणीकडे गेलीय." व्यसन सोडवायच्या ठिकाणी गेलीय असं कसं सांगू? तुझ्या वयाची बाई आणि व्यसन, लोकांना वाटेल मी थट्टा करतोय. पण 'बहिणीकडे' म्हटलं आणि माझं मलाच ते नको झालं. कारण तू खरंच तिकडे गेलीस तर?

तुझी ताई तुला दाखल केलं त्या दिवशी तिथल्या ऑफिसात माझ्यासमोर म्हणाली ना, "बरी झाली की मी तिला माझ्याकडे नेते, घरी पाठवलं की पुन्हा तेच." तेच म्हणजे काय? मी? आणि चष्मेवाल्या बाईंनी तिला गप्प केलं नाही. उलट म्हणाल्या, "इथून निघाल्यावर कुठे राहायचं ते त्या स्वतः ठरवतील." त्यात ठरवायचं काय? घर आहे. घरात मी आहे.

तुझा शिवणाचा डबा जागच्या जागी आहे. पोरगीने त्यातल्या गोळ्या नेल्या, बटणं ठेवली. नंतर मी तो एकदा टेबलावर पालथा घातला. पांढरं काही दिसलं की गोळीच वाटायची, म्हणून एकेक बटण उजेडाला धरून त्याची भोकं बघितली. जन्मभर कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाचं काम केलेली बाई, तिने बटणांत गोळ्या लपवल्या तर कुणाच्या बापाला कळणार? पाठदुखीच्या होत्या त्या कधी झोपेच्या झाल्या, आणि एकीच्या जागी कधी मूठभर झाल्या, मला पत्ता नाही. मला वाटायचं तुला छान झोप लागते. मी लोकांना कौतुकाने सांगायचो.

अजून एक डोक्यात शिरत नाही. गोळ्या सोडायला गेलीस, आणि तिथला डॉक्टर आणखी गोळ्या देतो. बाईंनी समजावलं, की गोळ्यांची सवय हा एक आजार. आणि तू ज्याला झाकोळ म्हणतेस, ते भिंतीकडे तोंड करून दिवसच्या दिवस पडणं, तो दुसरा. दोघांना एकदम धरावं लागतं. एकालाच धरलं तर मोकळा राहिलेला दुसऱ्याला परत घेऊन येतो. मी मान हलवली. मला इतकी वर्षं वाटत होतं, झाकोळ म्हणजे तू माझ्यावर रुसलीस.

उत्तर लिही. थोडं लिही पण लिही.

— अहो

(खाली दुसरं काय लिहू? तुझ्यासाठी मला हेच नाव आहे.)


सोमवार, ११ मार्च

अगं,

तुझं पत्र आलं. चारच ओळी. "इथे बरं आहे. आधी हातपाय फार थरथरले, आता कमी. सकाळी बाग झाडायचं काम मिळालंय. परवा खूप दिवसांनी हसू आलं."

वाचून आनंद झाला. मग पुन्हा वाचलं. हसू आलं म्हणजे? हसू आपलं आपण येत नाही. कुणीतरी आणलं तर येतं.

पोरगी काल तुला भेटून आली. तिला भेटू देतात, मला नाही. बाई म्हणतात, "थोडं थांबा, तुम्ही समोर असलात की त्या तुमच्याकडे बघून बोलतात." नवऱ्याकडे बघून नाही बोलायचं तर काय छताकडे बघून बोलायचं? असो. तर पोरगीला विचारलं, "आई हसली म्हणते. कशाने?"

"बाबा, त्यांच्या गटात एक ड्रायव्हर आहेत. बस चालवायचे. प्रवाशांच्या काय नकला करतात!"

"आणि ही हसते?"

"सगळेच हसतात."

"तुझी आई किती हसते ते विचारतोय मी."

"बाबा, मी काय मोजायला बसले नव्हते."

त्या ड्रायव्हरच्या बसखाली माणूस आला, त्याची काही चूक नसताना, आणि तेव्हापासून त्याला भीतीचे झटके येतात, झटक्याला घाबरून तो पितो, हेही तिनेच सांगितलं. वाईट झालं. मला दया आली. दया आल्यावरही वाटलंच, की एवढी भीती वाटते तर नकला कशा सुचतात? मीसुद्धा लिफ्टमनच्या ड्युटीवरून घरी आलो की साहेब लोकांच्या नकला करायचो. लग्नाच्या सुरुवातीला तू पोट धरून हसायचीस. मग म्हणायला लागलीस, "हा साहेब कालच झाला."

आणि ती तुमची बैठक. सगळे गोल बसता आणि ज्याने त्याने मनातलं बोलायचं. काय बोलतेस गं? माझ्याजवळ तर तुझ्या मनातलं म्हणजे मीठ संपलं, गॅस संपला. बाईंना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "बैठकीतलं बैठकीत राहतं." म्हणजे ड्रायव्हरला ठाऊक, आणि मला नाही. लग्न कुणाशी झालंय तुझं?

रागावून लिहीत नाही. अक्षर असंच आहे माझं.

तो तपकिरी स्वेटर घालत जाऊ नकोस. कोपरावर उसवलाय, झाडताना चारचौघांत दिसतं. मला कसं कळलं म्हणशील, तर सहज सुचलं.

— अहो


शनिवार, १६ मार्च

अगं,

सांगूनच टाकतो, नाहीतर पोरगी सांगेल. मी तिकडे येतो. रोज नाही. तुमच्या जाळीच्या कुंपणासमोर रस्त्यापलीकडे टायरचं दुकान आहे, तिथल्या बाकावर बसतो. तिथून तुमची अर्धी बाग दिसते. पहिल्या दिवशी टायरवाला काही बोलला नाही. दुसऱ्या खेपेला म्हणाला, "काका, सायकल कुठाय?"

"सायकल नाहीये."

"मग पंक्चर कशाचं काढू?"

तिसऱ्या खेपेला त्याने चहा पुढे केला. "आत कोण आहे? मुलगा?"

"बायको."

त्याने माझ्याकडे बघितलं, जाळीकडे बघितलं. म्हणाला, "बसा मग. ऊन आलं की बाक आत ओढतो."

मी काही चोरून बघत नाही. नुसता बघतो. माझी सगळी नोकरी लिफ्टमध्ये उभं राहण्यात गेली, तोंड दाराकडे, माणसं पाठीशी. कोण कुणाच्या जवळ सरकलं, कुणाचं बोलणं कुणाला बघून थांबलं, मला मान न वळवता कळायचं. इथे तर सगळं समोरच होतं.

काल तू झाडत होतीस. तो उंच, मिशीवाला, तुमचा ड्रायव्हरच असणार, झाडांना पाणी घालत होता. त्याने झारी खाली ठेवली आणि निघाला. आणि तू म्हणालीस, "अहो, थांबा की जरा!"

टायरवाला तेव्हा पंपाने हवा भरत होता. तरी मला ऐकू आलं.

हे बघ, अहो कुणालाही म्हणतात, मला समजतं. दूधवाल्याला म्हणतेस, डॉक्टरला म्हणतेस. पण दूधवाल्याला 'थांबा की जरा' म्हणत नाहीस. त्या 'की'मध्ये काहीतरी आहे. मी रात्रभर त्या 'की'वर कूस बदलली. मला कधी म्हणालीस, थांबा की? मला म्हणतेस, "जाताय ना बाहेर?"

तो थांबला. तू झाडू भिंतीला टेकवलास, हात पुढे केलास. त्याने खिशातून मूठ काढून तुझ्या तळहातावर उघडली. पांढरं, बारीक, तीन-चार दाणे. तू मूठ मिटलीस. इकडेतिकडे बघितलंस. आणि खिशात टाकलंस.

मी तो शिवणाचा डबा पालथा घातलेला माणूस आहे. मला काय दिसलं ते मला सांगायला नको.

हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आत मी बाईंना फोन करणार आहे. त्याला हाकलतील. हाकलू देत. तुझ्या भल्यासाठीच करतोय. त्याच्याशी माझं काय वैर आहे? मी तर त्याला ओळखतही नाही.

— अहो


गुरुवार, २१ मार्च

अगं,

बटणं होती.

पोरगी काल आली ती चपला न काढता दारातच बोलायला लागली. "बाबा, काय करून बसलात तुम्ही?" मी म्हटलं, आत तर ये. ती आत आली नाही. सगळं जिन्यात उभं राहून सांगितलं, शेजारच्याने दार किलकिलं केलं तरी थांबली नाही. की तुमच्या दोघांच्या खोल्या उलथ्यापालथ्या केल्या. की ड्रायव्हरची गादी उसवली, त्याला सगळ्यांसमोर खिसे उलटे करायला लावले, अंगातला शर्ट काढायला लावला. की तुझ्या खिशातून शर्टाची बटणं निघाली. चष्मेवाल्या बाईंनी त्याची माफी मागितली, पण तो म्हणाला, "बसखाली माणूस आला तेव्हाही असंच सगळे माझ्याकडे बघत होते." पिशवी भरली आणि गेला. तिथे कुणाला बांधून ठेवत नाहीत. आणि तू परवापासून भिंतीकडे तोंड करून पडली आहेस, ताट जसंच्या तसं परत जातं.

मी म्हटलं, "पण बटणं कशाला देतो तिला?"

"बाबा, त्यांना झटका आला की श्वास कोंडतो. गळ्याशी शर्ट धरून ओढतात, बटणं तुटतात. त्यांना त्याची फार लाज वाटते. आई कामाच्या तासाला ती गुपचूप शिवून देते. कुणाला कळू नये म्हणून."

हे ऐकून मला काय वाटलं ते लिहू नये, पण लिहितो. गोळ्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटलं. गोळ्या असत्या तर त्याला आजार म्हणता आला असता. बटणं म्हणजे तू त्याचं शिवतेस. त्याची लाज झाकतेस. आणि मी इथे पिना टोचून हिंडतोय! असं पहिल्यांदा वाटलं, आणि मग मागाहून आठवलं की तू जेवत नाहीस.

बाईंनी फोनवर विचारलं होतं मला, "नक्की गोळ्याच होत्या?" मी म्हटलं, "नक्की. डोळ्यांनी बघितल्या." कुठल्या डोळ्यांनी? रस्त्यापलीकडून, जाळीतून, एका डोळ्यात मोतीबिंदू. मला नक्की ठाऊक नव्हतं. मला नक्की हवं होतं.

आज बाईंशी पुन्हा बोललो. त्यांनी तुझा निरोप सांगितला, की तू माझं पत्र घेणार नाहीस, हे पत्र त्या कपाटात ठेवतील. आणि तुझ्या ताईने तिच्याकडची मागची खोली रंगवून घेतली आहे. मी विचारलं, "काय केलं तर ती माझ्याशी बोलेल?" बाई म्हणाल्या, "त्यांनी एवढंच विचारलंय, ते ड्रायव्हर कसे आहेत." माझ्याबद्दल विचारलं नाहीस. बरोबर आहे. पण विचारलं नाहीस.

त्याचा पत्ता बाई देत नाहीत, नियम आहे. मी टायरवाल्याकडे गेलो. ड्रायव्हर गेला त्या दिवशी रिक्षाची वाट बघत त्याच्याच बाकावर बसला होता, कुठे राहतो तेही सांगून गेला होता. टायरवाल्याला सगळी हकिकत सांगावी लागली. त्याने हात पुसले. मग म्हणाला, "आत्ता कळलं काका, तुमचं पंक्चर कुठाय." पत्ता दिला. बस डेपोच्या मागची कामगार वसाहत.

खाली काय लिहावं कळत नाही, म्हणून काही लिहीत नाही.


मंगळवार, २६ मार्च

अगं,

काल मी त्याला परत आणलं ते तू बघितलंस. कसं आणलं ते तुला कुणी सांगणार नाही. तो लाजेने सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. हे पत्र तरी घे.

दार त्यानेच उघडलं. बनियनवर होता, डोळे सुजलेले, वास येत होता. म्हणाला, "कोण?"

"मी त्यांचा नवरा. बाग झाडणाऱ्या बाईंचा."

मला वाटलं आता मारतो. तो दाराला धरून हसायला लागला. "लिफ्टमन! या, या. कितवा मजला?"

माझं डोकंच फिरलं. "मी लिफ्टमन ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"आणखी काय सांगितलं?"

"बैठकीतलं बैठकीत राहतं."

प्यायलेला माणूस, जीभ सैल सुटलेली, स्वतःचं सगळं सांगत होता. बायको कधी गेली, साहेब काय म्हणाला, बसचा नंबर काय होता. पण मी तीन वेळा फिरवून विचारलं तरी तुझं एक अक्षर सांगेना. मला त्याचा फार राग आला. आणि राग आला तसं हेही कळलं की तू त्याला का सांगतेस.

मी म्हटलं, "मी फोनवर खोटं बोललो. दिसलं एक, सांगितलं भलतंच."

"का पण?"

"तिने तुम्हाला 'थांबा की जरा' म्हटलं म्हणून."

त्याने विचार केला. "एवढंच?"

"एवढंच."

"आजोबा," तो म्हणाला, "तुम्हाला आत एक खाट द्यायला सांगू का?"

मी म्हटलं, चला माझ्याबरोबर. तो नाही म्हणाला. पुन्हा प्यायलोय, आता कुठल्या तोंडाने जाऊ. मी म्हटलं, "मलाही तोंड नाहीये. दोघं एकदम जाऊ. बघणाऱ्यांना आधी कुणाकडे बघावं तेच कळणार नाही." तेव्हा तो उठला, तोंड धुतलं, शर्ट घातला.

रिक्षा मिळेना, म्हणून बस. अपघातानंतर तो एकदाही बसमध्ये चढला नव्हता, हे मला स्टॉपवर कळलं. दोन बस त्याने सोडल्या. तिसऱ्या बसला मी आधी चढलो आणि दारात उभा राहिलो, लिफ्टचं दार धरून ठेवायचो तसा. कंडक्टर ओरडला, "ओ बाबा, आत व्हा!" मी म्हटलं, "माणूस येतोय." चढला. मागच्या बाकावर डोळे मिटून बसला आणि माझं मनगट असं धरलं की अजून हिरवंनिळं आहे. मोठ्या चौकात ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. याचा श्वास अडकला, हात गळ्याशी गेला, वरचं बटण तटकन उडालं. लोक वळून बघायला लागले. मी त्यांच्या आणि याच्या मधे उभा राहिलो. माझ्या शर्टाची पिन काढून त्याच्या शर्टाला लावली आणि म्हटलं, "झालं, झालं, आलाच स्टॉप." स्टॉप काही आला नव्हता. त्या वेळी माझ्या मनात त्याच्याबद्दल काही वाईट नव्हतं, खरं सांगतो. खाली उतरल्यावर पुन्हा आलं.

पुढचं तुला माहीत आहे. पण मला कसं दिसलं ते लिहितो. तू व्हरांड्यातून आलीस, केस विंचरलेले नव्हते, पायात दोन वेगळ्या चपला. माझ्यासमोरून गेलीस. त्याला म्हणालीस, "आलात?" त्याने मान खाली घातली. तू त्याच्या हातातली पिशवी घेतलीस. मी तिथेच, पोटावर शर्ट उघडा, उभा. म्हटलं, आता हिने ढुंकून नाही बघितलं तरी मधे पडायचं नाही.

तू बघितलंस. म्हणालीस, "रविवारी कुटुंबाची बैठक आहे. या. आधी सगळ्यांना काय केलंत ते सांगा. मग मी बोलेन. मी बोलताना तुम्ही मधे बोलायचं नाही."

"आणि घरचं?"

"तेच बोलणार आहे."

मी बरं म्हटलं. तुला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तू त्याची पिशवी घेऊन आत निघून गेली होतीस.


सोमवार, १ एप्रिल

अगं,

काल तू बोललीस त्याला उत्तर द्यायचं नाही असं बाईंनी निघताना सांगितलं, म्हणून हे उत्तर नाही.

खुर्च्या गोल मांडल्या होत्या. तुझ्या एका बाजूला पोरगी, दुसऱ्या बाजूला ड्रायव्हर. मला समोरची दिली. मला वाटलं मुद्दाम केलं. मग बसल्यावर लक्षात आलं, की तुझं तोंड असं सरळ समोरून मी किती दिवसांत बघितलंच नव्हतं. उजव्या भुवईत पांढरा केस कधी आला?

मी माझं सांगितलं. बोलता बोलता 'गोळ्या बघितल्या' म्हणायच्या ठिकाणी 'मला वाटलं' म्हणालो, तर बाईंनी नुसतं बघितलं. मग दुरुस्त केलं, की वाटलं नव्हतं, सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "चला, गाडी पुढे घ्या." कुणीतरी हसलं. मला बरं वाटलं, आणि त्याच्यामुळे बरं वाटलं याचं वाईटही वाटलं.

मग तू.

तू आधी म्हणालीस, "गोळ्या ह्यांनी दिल्या नाहीत. झाकोळही ह्यांनी आणला नाही, तो माझ्या आईलाही यायचा." मी मान वर केली. आणि मग तू म्हणालीस, "पण खिडकीत उभी राहिले की हे मागे येऊन उभे राहतात, मी कुणाला बघते ते बघायला. फोन ठेवला की विचारतात कोण होतं. कूस बदलली की विचारतात कुणाचा विचार करतेस. घरात मला एकटीला बसायला जागाच नव्हती. गोळी घेतली की आत जाऊन कडी लावल्यासारखं व्हायचं. तिथे हे येऊ शकायचे नाहीत."

मी दोनदा तोंड उघडलं. सांगायचं होतं, की मी काळजीने येत होतो खिडकीपाशी. मी बघायचो कारण... समोर ड्रायव्हरने माझ्याकडे बघून तळहात खाली दाबला, मागच्या गाडीला हळू घे म्हणतात ना, तसा. मी तोंड मिटलं.

मग तू ताईकडे जायचं सांगितलंस. "कायमची म्हणत नाही. औषध चालू राहील, दर आठवड्याला बैठकीला इथे येईन. ह्यांना भेटायला यायचं असेल तर विचारून यायचं. नको म्हटलं तर नाही यायचं." हे सगळं तू बाईंना सांगत होतीस. पण शेवटी माझ्याकडे बघितलंस. रागाने नव्हतं बघितलंस. मी ते बघणं घरी आणलं आहे, आणि अजून त्याचा अर्थ लावत बसलो आहे. लावू नये, हे कळतं. तरी लावतो.

काल संध्याकाळी शेजारच्याने विचारलं, "काय म्हणते बायको, बहिणीकडून कधी येणार?" मी म्हटलं, ती उपचाराला गेली होती, आता बहिणीकडे जाणार आहे. घरी येणार की नाही माहीत नाही, तिने ठरवायचं आहे. तो "असं होय" म्हणाला आणि आत गेला. आभाळ काही कोसळलं नाही.

आज सकाळी तोंड धुतलं आणि पाय बस स्टॉपकडे निघाले. टायरवाल्याच्या बाकावर बसणार होतो, फक्त तू निघायची तयारी करतेस का ते बघायला. बस आली. दार उघडलं. कंडक्टर म्हणाला, "येताय का?" मी म्हटलं, "नाही, विचारलेलं नाही." त्याला काय कळणार? बस गेली, मी घरी येऊन हे लिहायला बसलो.

पोरगी म्हणाली, तू शुक्रवारी ताईकडे जाणार. ड्रायव्हर तिकडे भेटायला येणार आहे का? हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं. खोडत नाही. तो यायचा असेल त्या दिवशीही मला चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी येईन, आणि गप्प बसेन.

तर विचारतो. पुढच्या मंगळवारी, दुपारी, थोडा वेळ. येऊ का?

नको म्हणालीस तर का ते विचारणार नाही.